प्रलयानंतरची वसती : बेलापूर, महानुभाव पंथ आणि भयकथेतील बंदिस्त समुदाय

जगाचा अंत जवळ आला आहे अशा श्रद्धेने लोकवस्तीपासून दूर जाऊन राहिलेला एखादा लहानसा समुदाय हा भयकथेचा अलीकडे रूढ झालेला विषय आहे. मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी भयकथेला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. आडवाटेचे गाव, जुना वाडा आणि त्यांतील अबोल माणसे ही या कथाप्रकाराची परिचित सामग्री होय. अशा कथेत बहुधा एखादा परका मनुष्य वसतीत शिरतो आणि आपण तिच्याकडे त्याच्याच डोळ्यांनी पाहतो. वसतीची स्वतःची भाषा मात्र आपल्या कानी क्वचितच पडते. ही उणीव केवळ कथातंत्राची आहे काय, याचा विचार मराठीच्याच इतिहासातील एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

या उदाहरणाचा प्रारंभ अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील, प्रवरेच्या काठच्या बेलापूर या गावापाशी होतो. श्रीचक्रधरांच्या अखेरच्या वास्तव्याशी महानुभाव परंपरेने हे गाव जोडलेले आहे. यादव दरबारातील वजनदार मंडळींशी त्यांचा विरोध विकोपाला गेला होता. सुमारे १२७४ मध्ये त्यांनी ‘उत्तरापंथे गमन’ केले, अशी पंथाची श्रद्धा आहे. ज्यांच्या दृष्टीने साक्षात परमेश्वरच डोळ्यांआड झाला, त्यांच्यापुरता जगाचा अंत त्या दिवशी होऊन गेला. भयकथेतील समुदाय प्रलयाची वाट पाहत असतो. या मंडळींना प्रलयानंतर जगावयाचे होते.

हे शिष्य विदर्भात रिद्धपूर येथे चक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सन्निध राहिले. तेथे नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने जे पाहिले वा ऐकले, ते त्याच्याकडून विचारून घ्यावयाचे, या पद्धतीने लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे गोविंदप्रभूही गेले. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली आणि १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य संपुष्टात आले. या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली व शिष्यांनी स्मरणाच्या बळावर ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, असे परंपरा सांगते.

नागदेवाचार्यांच्या काळातील या समुदायाचे अंतरंग ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात पाहावयास मिळते. परक्याच्या तोंडून न आलेला, वसतीने स्वतः सांगितलेला असा हा वृत्तान्त आहे. त्यात विरहाचा शोक आहे, भिक्षेची अडचण आहे, शिष्यांचे रुसवे आहेत आणि आचार्यांची करडी शिस्तही आहे. संस्कृतात प्रश्न विचारणाऱ्या विद्वान शिष्याला नागदेवाचार्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे : स्वामींनी आपल्याला मराठीच शिकविली. संस्कृताचा आश्रय केल्यास पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. आत राहणाऱ्या प्रत्येकाला समजेल अशी भाषा राखणे, हा या समुदायाचा पहिला भाषिक निर्णय होय.

दुसरा निर्णय बाहेरच्यांविषयीचा. चौदाव्या शतकात पंथीयांनी आपले ग्रंथ ‘सकळ’ आदी सांकेतिक लिप्यांत लिहावयास प्रारंभ केला. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजण्याचा हा संकेत होता. त्यामुळे मराठीतील आद्य गद्य सुमारे सहाशे वर्षे मराठी वाचकांना अपरिचित राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्या संपादनांनी हे वाङ्मय अभ्यासकांच्या हाती आले.

मधल्या काळात समाजाने काय केले, याची साक्ष एक शब्द देतो. ‘महानुभाव’ म्हणजे थोर आशयाचा पुरुष. त्याचे बोलीतील रूप ‘मानभाव’ आणि त्यावरून झालेले विशेषण ‘मानभावी’, म्हणजे वरून साळसूद व आतून कपटी. अर्थापकर्षाचे याहून बोलके उदाहरण मराठीत विरळा. काळी वस्त्रे, न कळणारी लिपी आणि गावदेवतांविषयीची अनास्था एवढ्यावरून शेजाऱ्यांनी एक कल्पित माणूस उभा केला, आणि तो कोशात जाऊन बसला. येथे भयकथा कोणी लिहिली नाही. ती भाषेने रचली.

याचा अर्थ बंदिस्त समुदायांविषयीचे प्रत्येक भय निराधार असते, असा मात्र नव्हे. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातील जोन्सटाउन येथे नऊशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत शेकडो मुले होती. तेथेही एकांत होता, निष्ठा होती. भेद कोठे आहे? जोन्सटाउनमधून बाहेर पडण्याच्या वाटेवर शस्त्रधारी माणसे होती. चक्रधरांचा उपदेश याच्या उलट होता : साधकाने देशाच्या टोकाला, झाडाखाली, एकट्याने आयुष्य घालवावे. या एकांताला कुंपण नव्हते. लिपीने ग्रंथ कोंडला, माणूस कोंडला नाही. म्हणून समुदायाची परीक्षा त्याच्या गूढपणावरून न करता बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे की नाही, यावरून करणे युक्त ठरते.

भयकथेच्या अभ्यासकांनीही हीच कसोटी लावून पाहावी. ज्या कथेत वसतीतील माणसे स्वतःच्या भाषेत बोलतात, तिच्यातील भय सत्याच्या अधिक जवळ जाते. जिच्यात ती केवळ काळी वस्त्रे लेवून उभी असतात, ती कथा ‘मानभावी’ या शब्दाचाच विस्तार करीत असते. ज्या रिद्धपुरात हे मराठी गद्य घडले, तेथेच २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. मराठीने त्या वसतीचे ऋण अशा रीतीने मान्य केले. कोशातील तो शब्द मात्र अद्याप जेथल्या तेथेच आहे.