मिरजेचे शिकलगार

इटलीतील क्रेमोना गावी सोळाव्या शतकात आमाती घराण्याने व्हायोलिन घडविण्याचा पाया घातला आणि अंतोनिओ स्त्रादिवारीने ती विद्या कळसाला नेली. तो १७३७ साली वारला. धंद्यात असलेले त्याचे दोन्ही मुलगे पुढच्या सहा वर्षांत गेले. हात थांबला, वाद्ये मात्र उरली. त्याची सुमारे ६५० वाद्ये आजही जगभर जपलेली आहेत.

आपल्याकडे असे घराणे कोणते, म्हणाल तर मिरजेच्या शिकलगारांचे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा. १८१८ साली पेशवाई बुडाली, तलवारींचे काम आटले. उत्तरेकडून आलेले तंबोरे बिघडले की दुरुस्तीला जवळपास कोणी नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगारांनी हे काम हाती घेतले आणि दुरुस्ती करता करता नवे तंबोरे घडविले, अशी मिरजेत परंपरा सांगतात. पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता, हे त्यांचे भाग्यच! विष्णु दिगंबर इथेच बाळकृष्णबुवांजवळ शिकले. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली निवर्तले, ते मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात विसावले आहेत. वाद्य दुरुस्त करण्यात तेही वाकबगार होते.

तंबोरा घडतो कसा? पंढरपूरकडचा मोठा कडू भोपळा वाळवून कापायचा, त्यावर लाकडी तबली बसवायची, दांडी जोडायची, खुंट्या घालायच्या. हे सारे कुशल सुताराला जमेल. खरी परीक्षा घोडीवर. तिची पाठ कानशीने इतकी हलके उतरवायची, की तार तिला किंचित घासत थरथरली पाहिजे. वर तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. मग एकाच तारेतून सूर फुलतो. हीच जवारी. पात्याची धार ओळखणाऱ्या बोटांना ती गवसली, यात मला नवल वाटत नाही.

मात्र मिरजेला ‘आपले क्रेमोना’ म्हणणे मला अर्धेच पटते. स्त्रादिवारीचे व्हायोलिन त्याच्या माघारी वाजते. तंबोऱ्याची घोडी तारांनी झिजते आणि जवारी पुन्हा काढावी लागते. घडविणारा हात गेला, तर जुना उत्तम तंबोराही मुका होईल. यंत्राच्या तंबोऱ्याला ही अडचण नाही, म्हणून तो घरोघर शिरला आहे.

मिरज १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात आली; १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. त्यामुळे मिरजेचे नाव आता कायद्याने राखले गेले आहे. जवारी काढणाऱ्याचे नाव मैफलीच्या पत्रिकेत अजून छापले जात नाही.