तान्ह्या जिवाची भूल

आग्रा-मुंबई रस्त्याने महू मागे टाकलं की मानपूर लागतं आणि तिथून विंध्याचा घाट उतरत रस्ता नर्मदेकडे जातो. मानपूरच्या एखाद्या बाळाचं मोठं ऑपरेशन करायचं ठरलं तर गाडी मात्र उलटी फिरते, इंदूरकडे. इथलं महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आपलं ‘एम. वाय.’, आणि १९४८ साली सुरू झालेलं महात्मा गांधी मेडिकल कॉलेज आपल्यापैकी कुणाला सांगावं लागत नाही. पण तान्ह्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी पुरेशी भूल द्यावी, ही आज साधी वाटणारी गोष्ट जगाच्या गळी उतरवण्यात याच कॉलेजच्या एका विद्यार्थ्याचा मोठा वाटा आहे, हे आपल्या घरांतून फारसं बोललं जात नाही.

ईथरची जाहीर भूल बोस्टनमध्ये १८४६ साली दिली गेली आणि पुढच्याच वर्षी ती कलकत्त्यात पोहोचली. मोठ्या माणसांचे हाल संपले. तान्ह्यांचे मात्र पुढे शंभराहून अधिक वर्षं संपले नाहीत. ‘त्याला काय कळतंय?’ असं आपल्याकडे आजीही म्हणते आणि तेच त्या काळी मोठमोठे डॉक्टरही म्हणत. नवजात बाळाच्या मेंदूची वाढ अपुरी असते, म्हणून त्याला वेदना जाणवत नाही, आणि भूल दिली तर इवलासा जीव दगावेल, अशी समजूत होती. या दुसऱ्या भीतीत तथ्य होतं, हेही सांगायला हवं. जुनी औषधं खरोखरच धोक्याची होती. त्यामुळे कित्येक बाळांना नायट्रस ऑक्साइडचा हलका वायू आणि स्नायू लुळे करणारं औषध एवढ्यावरच टेबलावर घेत. स्नायू लुळे पडलेलं बाळ हलत नाही, रडत नाही. बघणाऱ्याला ते शांत झोपल्यासारखंच दिसतं.

इंदूरहून एम.बी.बी.एस. होऊन डॉ. कंवलजीत सिंग आनंद ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. तिथे नवजात बाळांच्या कक्षात काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की ऑपरेशनला जाताना बरी असलेली बाळं परत येताना पांढरीफटक पडलेली, खालावलेली असतात. त्यांनी सोळा अपुऱ्या दिवसांची बाळं अभ्यासली. आठांना नेहमीची पद्धत, आठांना तिच्या जोडीला फेंटॅनिल हे वेदनाशामक. रक्ततपासणीत फरक उघड झाला. फेंटॅनिल न मिळालेल्या बाळांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं उसळली होती आणि ऑपरेशननंतरचा त्रासही त्यांनाच जास्त झाला. १९८७ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळांनाही भूल द्यावी, असं जाहीर केलं. आम्हाला यात मोठेपणा वाटतो तो पदव्यांचा नव्हे. रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्यांनी मोजून दाखवली, त्याचा वाटतो.

पण रक्ताचा अहवाल हातात येईपर्यंत ऑपरेशन संपलेलं असतं. भूल आत्ता, या क्षणी किती खोल आहे, हे कसं कळावं?

त्याचा धागा जर्मनीतल्या येना गावात सापडतो. हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विजेच्या लहरी टिपल्या आणि पाच वर्षांनी ते प्रसिद्ध केलं. आपल्या मुलाच्या, क्लाउसच्या, डोक्यावरही त्यांनी हे प्रयोग केले. भूल चढली की या लहरी बदलतात, हे १९३०च्या दशकातच समजलं होतं. १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बिस यंत्राने या लहरींचा एक आकडा करून टाकला. टक्क जागं असताना शंभराच्या आसपास, ऑपरेशनसाठी चाळीस ते साठ.

मोठ्यांना हे ठीक. बाळाला तोच आकडा लावायचा तर पंचाईत होते, कारण यंत्राचं गणित बसवलं होतं मोठ्यांच्या मेंदूवर. सेव्होफ्लुरेनची भूल दिलेल्या मोठ्या माणसाच्या कपाळावर संथ लहरींबरोबर अल्फा लहरीही दिसतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळात फक्त संथ लहरी असतात. अल्फा साधारण चौथ्या महिन्यापासून उमटू लागते, असं बोस्टनच्या अभ्यासकांनी २०१५ साली दाखवलं. त्यातून नवजात बाळाच्या लहरी साध्या झोपेतही मधेच मंदावतात आणि पुन्हा उसळतात. यंत्राला ती फार खोल भूल वाटू शकते. केटामाइन दिलं, तर गाढ भुलेतही आकडा वर चढतो.

म्हणून अनुभवी भूलतज्ज्ञ बाळाच्या बाबतीत नुसत्या आकड्यावर विसंबत नाहीत. पडद्यावर सरकणारी मूळ रेघ ते स्वतः वाचतात, आणि तिच्या जोडीला नाडी, रक्तदाब, श्वास. बाळाचं वय वर्षांत नव्हे, महिन्यांत विचारून घेतात. दिवस पूर्ण भरले होते का, हेही विचारतात. ऑपरेशनआधी आईला हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते यासाठी.