पन्नास हजारांच्या पिस्तुलाचा हिशेब

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्याकडे येताना दिघी, मॅगझीन, विश्रांतवाडी, फुलेनगर असा रस्ता धरते. यातले ‘मॅगझीन’ म्हणजे दारूगोळ्याचे कोठार. वारीच्या वाटेवरचा एक टप्पा म्हणून हे नाव इतके रुळले आहे की त्यातली दारू आता कुणाच्या ध्यानातही येत नाही.

या परिसराचा दारूगोळ्याशी संबंध मात्र नावापुरता नाही. विश्रांतवाडीला लागून कळस-दिघीच्या बाजूस डीआरडीओची अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. सैन्याचे ‘सर्वत्र’ पूल आणि बाँब हाताळणारा ‘दक्ष’ यंत्रमानव तिथलेच. जवळच्या खडकीत १८६९ पासून काडतुसांचा कारखाना उभा आहे. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाषाणला, आहे शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापना, म्हणजे एआरडीई. तिची स्थापना १९५८ ची. ‘इन्सास’ रायफल याच संस्थेची.

१४ जानेवारी २०२१ रोजी, सेनादिनाच्या आदल्या दिवशी, या संस्थेचे नाव एका निराळ्याच शस्त्रासाठी वर्तमानपत्रांत आले. भारतीय बनावटीचे पहिले ९ मिमी ‘मशीन पिस्तूल’, नाव ‘अस्मि’. महूचे इन्फंट्री स्कूल आणि एआरडीई यांनी ते अवघ्या ४ महिन्यांत मिळून घडवले. सैन्याच्या बाजूने त्याचे श्रेय प्रसाद बनसोड या अधिकाऱ्याकडे जाते.

सरकारी पत्रकात ‘अस्मि’चा अर्थ अभिमान, स्वाभिमान आणि परिश्रम असा दिला होता. संस्कृतच्या पहिल्या पुस्तकातला विद्यार्थी सांगेल की अस्मि म्हणजे नुसते ‘मी आहे’. तोच अर्थ अधिक शोभून दिसला असता.

पत्रकातल्या ज्या आकड्याने लक्ष वेधले तो किमतीचा होता. एका नगाचा उत्पादनखर्च ५०,००० रुपयांच्या आत! स्वस्त, हलके, धातूला फाटा देणारे देशी पिस्तूल आले, आता ते पोलिसाच्या कमरेला आणि नेमबाजाच्या हातीही दिसेल, असा समज होणे स्वाभाविक होते. तो कितपत खरा, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

भारतीय सैन्याचे आणि पोलिसांचे परिचित पिस्तूल म्हणजे इछापूरच्या रायफल कारखान्यातले ‘९ मिमी ऑटो १ए’. त्याचे कूळ थेट जॉन ब्राउनिंगपर्यंत पोचते. ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममधील लिएझ येथे वारला. त्याचे अपुरे काम द्यूदोने सैव्ह याने पुरे केले आणि १९३५ मध्ये ‘हाय-पॉवर’ पिस्तूल जन्मले. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या इंग्लिस कंपनीने ते बनवले आणि इछापूरचे पिस्तूल त्या इंग्लिस वळणाचे. १३ गोळ्या, सगळा सांगाडा पोलादी, वजन जवळपास किलोभर. दणकट खरे, पण पोलाद कातून सांगाडा काढायचा म्हणजे वेळ आणि मजुरी दोन्ही मोजावी लागते.

हे गणित बदलले ते ऑस्ट्रियात. प्लास्टिकच्या सांगाड्याचे पहिले पिस्तूल जर्मनीच्या हेक्लर अँड कोखने १९७० मध्येच काढले होते, पण ते फारसे रुजले नाही. १९८० मध्ये ऑस्ट्रियन सैन्याला नवे पिस्तूल हवे होते. गास्टन ग्लॉक हा पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवणारा कारखानदार त्या स्पर्धेत उतरला. बंदूक त्याने कधी बनवली नव्हती, आणि कदाचित म्हणूनच पिस्तूल पोलादाचेच असले पाहिजे हा धडाही तो शिकलेला नव्हता. १९८२ मध्ये त्याचे पिस्तूल सैन्याने स्वीकारले. साच्यात ओतलेला पॉलिमरचा सांगाडा, घर्षण होते तेवढ्याच जागी पोलादी पट्ट्या, ३४ च्या आसपास सुटे भाग, मॅगझीनविना वजन सुमारे ६२५ ग्रॅम आणि पोटात १७ गोळ्या. साचा एकदा तयार झाला की पुढचा प्रत्येक सांगाडा काही क्षणांत बाहेर पडतो. स्वस्ताईचे रहस्य एवढेच.

‘अस्मि’ने यातले मर्म घेतले, रूप घेतले नाही. वरचा भाग विमानात वापरतात त्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. चापाच्या यंत्रणेतले भाग धातूच्या त्रिमितीय छपाईने तयार केले गेले. मोठा साचा न घडवता आज रेखाटलेला भाग लगेच हाती घेऊन तपासता आला. ४ महिन्यांच्या मुदतीमागे ही सोय होती.

काडतुसाची निवड त्याहून शहाणपणाची ठरली. याच संस्थेने आधी घडवलेली संरक्षक कार्बाइन ५.५६×३० मिमी हे खास काडतूस मागते. ‘अस्मि’ मात्र सैन्यात आधीपासून रुळलेली ९ मिमी गोळी झाडते. नवे शस्त्र स्वस्त आणि त्याची गोळी दुर्मीळ, असा आतबट्ट्याचा व्यवहार त्यामुळे टळला.

आता कमरेला बाळगण्याचा प्रश्न. ‘अस्मि’ची नळी ८ इंचांची, मॅगझीन ३३ गोळ्यांचे, वजन दोन किलोंच्या पुढेमागे. हे म्यानात घालून दिवसभर चौकीत वावरायचे हत्यार नव्हे. ते रणगाड्यातला सैनिक, वाहनचालक, विमानातले कर्मचारी, रेडिओ सांभाळणारा जवान यांच्यासाठी आहे. रायफल वळवायला जिथे जागा नसते तिथे पिस्तुलापेक्षा अधिक मारा हवा असतो, आणि तिथे दोन किलो हे वजन फार नाही. पत्रकात पोलिसांचा उल्लेख होता, पण तो विशेष पथके आणि अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या सुरक्षेला लागू पडेल असा. साध्या फौजदाराच्या कमरेचा प्रश्न ‘अस्मि’ने सोडवला नाही आणि सोडवण्याचा आवही आणला नाही.

स्पर्धेचे तर नियमच आडवे येतात. २५ मीटर पिस्तूल प्रकारात आंतरराष्ट्रीय नियमाने नळी १५३ मिमीपेक्षा लांब नको आणि वजन १,४०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. ‘अस्मि’ची नळी २०३ मिमी भरते. ग्लॉकसारखे पॉलिमरचे सेवापिस्तूल या मापांत सहज बसते, तरी पदकासाठी ते कुणी उचलत नाही. या स्पर्धेत एका हाताने नेम धरायचा असतो. चापावरचा भार किमान १ किलो असावा लागतो आणि नेमबाज तो त्या सीमेलगतच ठेवतात. सेवापिस्तुलाचा चाप अडीच किलोंच्या घरातला, कारण धावपळीत तो चुकून ओढला जाऊ नये. शिवाय हलका सांगाडा गोळीबरोबर अधिक उसळतो. म्हणजे कमरेला जो गुण तोच मैदानावर दोष. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले ते .२२ बोअरच्या, खास स्पर्धेसाठी घडवलेल्या पिस्तुलावर.

कायद्याची भिंत याहून उंच. ९ मिमी हा भारतात सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर. परवानाधारकाच्या वाट्याला येते .३२. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोचे .३२ रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून आणले, तेव्हा त्याची किंमत होती १.२२ लाख रुपये. त्या वेळी अनेकांनी विचारले होते की हे कोणत्या स्त्रीला परवडणार. प्रश्न रास्त होता.

आणि ‘अस्मि’चे ५०,०००? एप्रिल २०२४ मध्ये सैन्याच्या उत्तर विभागाने हैदराबादच्या लोकेश मशीन्स या कंपनीकडे ५५० नग मागवले. मागणीची रक्कम ४.२६ कोटी रुपये, म्हणजे नगामागे सुमारे ७७,४५० रुपये. पत्रकातला आकडा उत्पादनखर्चाचा होता, खरेदीच्या किमतीचा नव्हे, हा फरक बातम्यांच्या गडबडीत निसटला. तरीही ही रक्कम अवाजवी म्हणता येत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या सहा गोळ्यांच्या ‘निर्भीक’पेक्षा ती कितीतरी कमी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही शस्त्रे उत्तर विभागात दाखल झाल्याचे सैन्याने जाहीर केले.