मुंग्यांची राखण

जास्वंदीच्या शेंड्याकडे मुंग्यांची रांग चढूं लागली कीं घरांतलीं सारीं माणसें पहिला आरोप मुंग्यांवर ठेवतात. कळ्या गळतात, पानें आकसतात, शेंडा पांढरा पडतो आणि समोर मुंगीच दिसते! मग बुंध्याशीं हळद पडते, राख पडते, क्वचित् रॉकेलही पडतें. माझ्या घरींही अनेक वर्षें असेंच चाललें होतें. परंतु मुंगी येथें चोर नव्हे, ती चोराची राखणदार आहे, हें मला फार उशिरां कळलें. मनुष्यानें ही राखण कधीं स्वतःच्या कामीं लावली, कधीं तिच्यापुढें हात टेकले. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

हकीकतीचा आरंभ मात्र मुंगीला भूषणावह आहे. चीनमध्यें ची हान नांवाच्या ग्रंथकारानें दक्षिणेकडील वनस्पतींवर एक ग्रंथ लिहिला. परंपरेनें तो इ. स. 304 चा मानतात. त्यांत नोंद आहे कीं, तिकडील बाजारांत लोक मुंग्यांचीं घरटीं विकतात. घरटें पातळ रेशमासारखें असतें आणि तें डहाळीपानांसकट विकलें जातें. ज्या संत्र्याच्या झाडावर या मुंग्या नसतील त्याचीं फळें किडे नासून टाकतात. पुढें तर मुंग्यांना एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सुखानें जातां यावें म्हणून मधें वेळूच्या कांबी बांधण्याची रीत पडली. या मुंग्या आपल्या ओळखीच्याच आहेत. कोकणांत आंबे उतरविण्यास चढलेला गडी ज्यांच्या नांवानें शंख करीत खालीं येतो, त्याच ह्या तांबड्या ओंबिली. कांहीं मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात आणि कांहीं आपल्याच अळ्या तोंडांत धरून त्यांच्या रेशमानें पानें शिवतात. शिंप्यानें सुईऐवजीं पोर हातांत घ्यावें, तसा हा प्रकार!

पण या राखणदारालाही एक खोड आहे. मावा, खवलेकीड, पिठ्या ढेकूण हे किडे झाडाचा रस शोषतात. त्या रसांत साखर पुष्कळ आणि अंगीं लागणारें सत्त्व थोडें. म्हणून किड्यांना रस फार प्यावा लागतो व उरलेला गोडवा बाहेर टाकावा लागतो. तो गोडवा मुंग्यांना प्राणाहून प्रिय. त्यासाठीं त्या या किड्यांना गाईगुरांप्रमाणें सांभाळतात आणि त्यांना खाण्यास आलेल्या ढालकिड्यांना चावून हांकलून देतात. पानांवर सांडलेल्या चिकट्यावर मागाहून काजळी धरते. आपल्याला दिसतात त्या मुंग्या आणि काजळी. मूळ गुन्हेगार पानाखालीं स्वस्थ बसलेला असतो.

ढालकिड्याची थोरवी जगाला पटली ती कॅलिफोर्नियांत. 1868 च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतून आलेल्या झाडांबरोबर कापसासारखी पांढरी खवलेकीड तेथें शिरली आणि वीस वर्षांच्या आंत संत्र्यांच्या बागा उजाड होऊं लागल्या. शेतकी खात्याचा मुख्य कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली याचें म्हणणें असें कीं, किडीच्या माहेरीं तिचा वैरी असलाच पाहिजे. परंतु खात्याच्या माणसांनीं परदेशीं जाण्यास सरकारी पैशाची बंदी होती! तेव्हां 1888 सालीं अल्बर्ट कोबेले यास मेलबर्नच्या प्रदर्शनास जाणाऱ्या मंडळींत सामील करून धाडण्यांत आलें. कारभाऱ्यांच्या नियमांतून शास्त्राला अशी आडवाटेनें सुटका करून घ्यावी लागते, हें कांहीं एकट्या अमेरिकेचें वैशिष्ट्य नव्हे. कोबेलेला अ‍ॅडलेड येथें व्हेडालिया नांवाचा तांबडा-काळा, मसुरीच्या दाण्याहून फारसा मोठा नसलेला ढालकिडा सांपडला. तीन खेपांत अवघे 129 जिवंत किडे पोहोंचले. लॉस अँजेलिसच्या एका बागेंत संत्र्याच्या झाडावर तंबू उभारून त्यांत ते सोडले. 1889 च्या एप्रिलांत तंबू उघडला. जूनच्या मध्यापर्यंत 10,555 किडे इतर बागांना वांटले गेले. आणि वर्ष संपतां संपतां ती कीड नाहींशी झाल्यासारखीच झाली.

या यशावर दोन संकटें आलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अर्जेंटिनाच्या बारीक तपकिरी मुंग्या कॅलिफोर्नियांत पसरल्या. त्यांच्या पहाऱ्यामुळें इतर खवलेकिडी व पिठ्या ढेकूण जेथें तेथें माजले, आणि आधीं मुंगी आवरा, मग ढालकिडे आपलें काम करतील, हा धडा बागाईतदारांना घ्यावा लागला. दुसरें संकट मनुष्यनिर्मित होतें. महायुद्ध संपल्यावर 1946-47 च्या सुमारास बागांवर डी.डी.टी. फवारलें गेलें, त्यानें व्हेडालियाच मेला आणि जवळजवळ विस्मृतींत गेलेली पांढरी कीड पुन्हां झाडांवर आली. फवारा आवरून ढालकिडे पुन्हां आणून सोडावे लागले.

आपल्याकडेही 1898 सालीं ऑस्ट्रेलियांतील क्रिप्टोलीमस नांवाचा ढालकिडा दक्षिणेंत कॉफीवरील खवलेकिडीसाठीं आणला होता. त्या कामीं त्याचा उपयोग झाला नाहीं. पण पिठ्या ढेकणांवर तो पोट भरूं लागला व येथलाच झाला.

आतां पुन्हां माझ्या जास्वंदीकडे. पूर्वीं जाळीच्या कपाटाच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवीत, तशी मीं कुंडीखालीं विटा ठेवून भोंवतीं पाण्याची परात ठेवली. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, कारण मुंगीला तेवढा पूल पुरतो. जमिनींतील झाडाच्या बुंध्यास कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर राळ व एरंडेल यांचा चिकटा लावला; चिकटा सालीला लागूं दिला नाहीं. रांग तुटली. कांहीं आठवड्यांनीं शेंड्यावर अंगाला पांढरे कापसाचे झुपके असलेले किडे फिरूं लागले. पिठ्या ढेकूण वाढले असें समजून मीं ओला फडका घेतला, तोंच शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनीं माझा हात धरला. त्या क्रिप्टोलीमसच्या अळ्या होत्या. कापसाचें सोंग घेऊन पिठ्या ढेकणांचीं अंडीं फस्त करीत होत्या. आदल्या दोन उन्हाळ्यांत त्याच फडक्यानें अशा किती अळ्या मीं पुसून टाकल्या असतील, याचा हिशेब माझ्यापाशीं नाहीं.