चौथ्या दिवशी यकृतात काय झालं?

साठचं दशक नुकतंच लागलंय. तुम्ही ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या जॉन कर्टिन वैद्यकीय संशोधन संस्थेत आहात. शेजारी संशोधक जॉर्ज मॅकॅनेस. उंदरांच्या शिरेत लिस्टेरिया जिवाणू टोचून झालेत, उंदीर दगावणार नाहीत एवढ्याच बेताने. रोज काही उंदरांची यकृतं काढायची, वाटायची, तो रस पातळ करून आगारच्या प्लेटवर पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी उमटलेले ठिपके मोजायचे. किचकट काम आहे, पण करा. सगळी गोष्ट या मोजणीतच आहे.

सुरुवातीला ठिपके वाढतच जातात. रक्तातले बहुतेक जिवाणू यकृतातल्या मॅक्रोफेज पेशींनी कधीच गिळलेत, पण गिळलेला लिस्टेरिया पेशीच्या आतच वाढतो. मग चौथ्या दिवसाच्या सुमारास आकडा घसरायला लागतो. वाचलेल्या उंदराला आता एरवी जीवघेणा ठरणारा डोस द्या, तोही पचवतो. प्रतिपिंडांची करामत असणार, असं तुम्ही म्हणता. मॅकॅनेस त्या उंदरांचं प्रतिपिंडं असलेलं सीरम नव्या उंदरांना देऊन बघतात. काही उपयोग होत नाही! बदलल्यात त्या मॅक्रोफेज. काल ज्या जिवाणूपुढे हतबल होत्या, त्यालाच आता मारतायत.

त्यांना निरोप कुणी दिला? इथे ताटकळू नका, १९८५ गाठा.

कॅलिफोर्नियातल्या ला होयामध्ये बुकमायर आणि श्रायबर हे संशोधक तोच जिवाणू तशाच सौम्य डोसमध्ये देतायत, पण जोडीला इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन निकामी करणारं प्रतिपिंडही. यकृतातले जिवाणू हटत नाहीत, सहज बरे झाले असते ते उंदीर मरतात. निरोप कुठला होता ते तुम्हाला कळलं.

१९९३मध्ये फार रेंगाळायला नको. टीएनएफ या दुसऱ्या प्रथिनाचा एक ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप घेणारा पेशीवरचा रेणू, जनुकातूनच काढून टाकलेले उंदीर जिवाणूंच्या विषाने येणाऱ्या शॉकमधून तरतात आणि लिस्टेरियाने मात्र मरतात. जे प्रथिन एका संकटात घात करतं, तेच दुसऱ्यात वाचवतं.

एवढ्यावर इंटरफेरॉन म्हणजे रक्षक असं तुम्ही ठरवून टाकलं असेल, तर २००४ तुम्हाला अडवेल. तीन गट वेगवेगळे काम करून एकाच निष्कर्षावर आलेत: गॅमाहून वेगळ्या, टाइप-१ गटातल्या इंटरफेरॉनचा ग्राहकच नसलेले उंदीर लिस्टेरियाला जास्त चांगलं तोंड देतात. सेंट लुईसमध्ये एमिल उनानुए यांच्या गटाला कारण दिसलंय. ही प्रथिनं लिम्फोसाइट पेशींना आत्मनाशाकडे ढकलतात. आणि ती तयार व्हायला लागतात पेशीच्या आत मोकळ्या सुटलेल्या लिस्टेरियामुळेच. मग हा ग्राहक उत्क्रांतीने ठेवला तरी कशाला? याच उंदरांना विषाणूची लागण करून बघा. निरोगी भावंडं जी सहज झेलतात, त्या लागणीत हे मरतात.