वैद्य आणि त्याचे गाव

१९६० नंतरच्या दशकातील गोष्ट. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यापुढे एक कोडे उभे राहिले. पाय गमावलेल्या माणसांना पाश्चात्त्य धर्तीचे कृत्रिम पाय बसवून घरी पाठवावे, आणि काही दिवसांनी त्यांच्यापैकी कित्येक जण पुन्हा कुबड्यांवर दिसावेत! त्या पायाला बूट लागे. आणि राजस्थानचा शेतकरी तर चिखलात अनवाणी उतरतो, उकिडवा बसतो, जेवताना मांडी घालतो. अखेर १९६८ च्या सुमारास, शालेय शिक्षण बेताचेच असलेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या साहाय्याने, व्हल्कनाइज केलेल्या रबराचा ‘जयपूर फूट’ सिद्ध झाला.

सेठींना रुग्णांच्या जीवनाचे हे ज्ञान भरव्यवसायात लाभले. ते विद्यार्थिदशेतच देता येईल काय? भोर समितीने १९४६ च्या अहवालात ‘सामाजिक वैद्या’ची कल्पना मांडली होती, परंतु पुष्कळ ठिकाणी ती परीक्षेच्या एका विषयापुरतीच उरली. ती मनावर घेतली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामने. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. त्या गांधीजींच्या वैद्य होत्या, आणि १९६२ ते १९६७ या काळात केंद्रात आरोग्यमंत्रीही. योजना कागदावर कोठे अडते, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

सेवाग्रामचा नवा विद्यार्थी प्रथम काही दिवस आश्रमात राहतो. झाडलोट, श्रमदान, सूतकताई, प्रार्थना हा तेथील दिनक्रम. (शहरातून आलेल्या मुलांची प्रारंभी होणारी कुरकुर आपण समजू शकतो.) पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथे शिबिर भरते आणि विद्यार्थ्यांकडे कुटुंबे सोपविली जातात. पिण्याचे पाणी कोठून येते, चुलीचा धूर कोठे कोंडतो, मुलाला लस टोचली की नाही, हे त्याने घरात बसून विचारावयाचे. शिबिर संपले तरी त्याच घरी पुन्हा जावयाचे असते, आणि माझ्या मते या पुन्हा जाण्यातच सारे मर्म आहे. एकदाच येणारा तो पाहुणा. त्याच्यापुढे चहा येतो. तिसऱ्या खेपेस मात्र घरची आजी विचारते, “मागे खोकल्याचं सांगितलं होतं, त्याचं काय केलंस बाबा?” मग उत्तर द्यावेच लागते.

२०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम देशभरच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात आणला. त्यामुळे सेवाग्रामची ही जुनी रीत आता जयपूरच्या विद्यार्थ्यापर्यंतही पोचली आहे. मला याचा आनंद वाटतो, आणि थोडी धास्तीही. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर मला एवढे ठाऊक आहे की, घरी जाण्यापेक्षा नोंदवही भरणे सोपे असते. परीक्षकांनी नोंदवही तपासल्यावर तिच्यातील एखाद्या घरी जाऊन, “आमचा विद्यार्थी शेवटचा केव्हा आला होता?” एवढे विचारून यावे, अशी माझी सूचना आहे.