न मिळालेल्या वेतनाचा हिशेब

ठाण्याहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावरील मानकोली हे भिवंडी तालुक्यातील गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. मुंबईच्या जकात-हद्दीबाहेर माल साठविण्याची सोय हे या परिसरातील गोदामांच्या वाढीचे एक कारण होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपुष्टात आली. गोदामे मात्र राहिली. तेथे दहापंधरा वर्षे काम केलेल्या पर्यवेक्षकापुढे, चालू नोकरी सोडून व्यवस्थापनाची पदवी घ्यावी काय, असा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. त्याचे एक जुने उदाहरण तपासल्यास हिशेबात नेमके काय निसटते ते ध्यानात येते.

शिक्षणासाठी स्वतःजवळचा पैसा खर्चणे याला मराठीत ‘पदरमोड’ म्हणतात. शब्द अर्थवाही आहे; परंतु पदरी असलेले मोडणे एवढेच त्यातून सूचित होते. जे पदरी पडलेच नाही, त्याची गणना या शब्दात होत नाही. नोकरदाराच्या शिक्षणात तर मोठी रक्कम हीच असते.

मुंबईचे सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय १९१३ साली स्थापन झाले. तेथे नोव्हेंबर १९१८ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यास अपुरा टाकून त्यांना १९१७ साली परतावे लागले होते. महाविद्यालयात त्यांचे मासिक वेतन ४५० रुपये होते. त्यातून काटकसरीने शिल्लक टाकून मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, व जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला गेले. नवल भथेना या पारशी मित्राकडून त्यांनी ५,००० रुपये कर्जाऊ घेतले. छत्रपती शाहू महाराजांचेही साहाय्य झाले. १९२१ साली एम.एस्‌सी. व १९२३ साली डी.एस्‌सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

चरित्रांतून भथेनांच्या कर्जाचा उल्लेख आवर्जून येतो. मार्च १९२० ते एप्रिल १९२३, म्हणजे मायदेशी परत येईपर्यंत, सुमारे तीन वर्षांचे वेतन मात्र कोणी मोजत नाही. ते १६,२०० रुपये होते. कर्जाच्या तिपटीहून अधिक. या न मिळालेल्या रकमेची झळ परळच्या चाळीत संसार चालविणाऱ्या रमाबाईंना सोसावी लागली. बाबासाहेबांच्या ध्येयाचे मोल रुपयांत करावयाचे नाही, हे उघड आहे. तथापि त्या ध्येयाची किंमत कोणी व कशी भरली, हे पाहणे इतिहासाचे काम आहे.

या न मिळालेल्या वेतनाला अर्थशास्त्रात पुढे महत्त्वाचे स्थान मिळाले. अमेरिकेतील माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या एकूण परिव्ययात निम्म्याहून अधिक भाग विद्यार्थ्यांनी गमावलेल्या मिळकतीचा असतो, असे थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली दाखविले. १९६४ साली गॅरी बेकर यांनी याच विचाराची व्यापक मांडणी केली. वय वाढते तसे गमवावयाचे वेतन वाढते आणि भरपाईची वर्षे घटतात; म्हणून प्रौढपणी घेतलेले शिक्षण महाग पडते.

यावर संस्थांनी काढलेली तोड म्हणजे सायंकाळचे वर्ग. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था स्थापन केली. पुढे तेथे नोकरदारांसाठी तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम चालू झाले. त्यामुळे वेतन वाचले; परंतु त्याग नाहीसा झाला नाही, त्याचे केवळ रूप पालटले. पैशाऐवजी संध्याकाळी द्याव्या लागल्या. चर्चगेटनजीक राहणाऱ्यास हा व्यवहार परवडतो. मानकोलीहून जाणाऱ्यास वर्गापेक्षा प्रवासालाच अधिक वेळ मोजावा लागतो.

एक कल्पित उदाहरण घ्यावे. मासिक ६०,००० रुपये मिळविणाऱ्याने दोन वर्षांसाठी नोकरी सोडली, तर शुल्क धरण्यापूर्वीच १४,४०,००० रुपये गेले. पदवीमुळे वेतन दरमहा २०,००० रुपयांनी वाढले, असे मानले तरी एवढी भरपाई होण्यास सहा वर्षे लागतील. तिशीत ही मुदत सुसह्य आहे. पन्नाशीजवळ मुले महाविद्यालयात जाऊ लागलेली असतात व घराचे हप्ते चालू असतात; तेव्हा तीच मुदत जड जाते.

यावरून पदवी घेऊ नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. शुल्क व कर्ज यांच्याबरोबर न मिळणारे वेतन, उरलेली सेवावर्षे आणि घरातील माणसांवर पडणारा भार या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर मांडाव्यात, एवढेच यातून निष्पन्न होते. हिशेबाच्या त्या कागदावर पदवी घेणाऱ्याबरोबर घर चालविणाऱ्याचीही संमती असावी. कारण पदवीवर एकाचेच नाव असले, तरी तिची किंमत बहुधा सगळे घर भरते.